महाविद्यालयाच्या कार्यालयीन डेटाबेसची नित्य निगा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील ज्या महाविद्यालयांत प्रवेश, फी, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि दाखले यांच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये आल्या आहेत, तेथे त्या डेटाबेसची निगा राखण्याचे काम बहुधा अशा माणसाकडे येते, ज्याचे मूळ काम वेगळेच असते. संगणकशास्त्राचा एखादा तरुण प्राध्यापक असतो, प्रयोगशाळेचा सहायक असतो, किंवा टेबलावरच्या फायली सांभाळून सर्व्हरकडेही पाहणारा एफडीए, म्हणजे प्रथम दर्जा सहायक, असतो. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. उदाहरणे पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर गृहीत धरून दिली आहेत. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनाही त्यांतील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

आपल्या भागात या कामाच्या दोन बाजू आहेत. नोंदी हरवू नयेत ही पहिली बाजू, आणि तिच्याबद्दल सगळीकडेच बोलले जाते. दुसरी बाजू अशी की, दोन राज्यांची कागदपत्रे आणि तीन लिप्या यांच्यामधून जाताना विद्यार्थ्याचे नाव, गाव आणि क्रमांक जसेच्या तसे राहिले पाहिजेत. सर्व्हर बंद पडला तर दोन दिवसांत पुन्हा उभा करता येतो, पण नावातील एक अक्षर चुकून पुढे गेले तर एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती वर्षभर अडून राहते, आणि त्यासाठी हेलपाटे तिच्या आईवडिलांना घालावे लागतात. म्हणून या दुसऱ्या बाजूला मी येथे अधिक जागा दिली आहे.

काउंटर उघडण्यापूर्वी

सकाळी फीचा काउंटर उघडण्याच्या आधी पाऊण तास कार्यालयात पोहोचणे जमत असेल तर उत्तम. नाही तर निदान पहिल्या पावतीपूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला की नाही हे केवळ फाइल आहे की नाही एवढ्यावरून ठरवू नये. बॅकअपची आज्ञा यशस्वी झाल्याची नोंद लॉगमध्ये असावी, आणि फाइलचा आकार कालच्या फाइलशी ताडून पाहावा. महाविद्यालयाच्या नोंदी रोज थोड्या थोड्या वाढतात. बॅकअपची फाइल एकाएकी निम्मी झाली असेल, तर काहीतरी बिघडले आहे असे समजून त्याच दिवशी शोध घ्यावा. बॅकअप बिघडला तरच संदेश येईल अशी व्यवस्था पुरेशी नसते, कारण संदेश पाठवणारा प्रोग्रामच बंद पडला असेल तर शांतता पसरते आणि ती शांतता यशासारखी भासते. रोज यशाचा संदेश यावा, आणि तो न येणे हीच तक्रार मानावी.

डिस्कवर किती जागा उरली आहे, हे दुसरे. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहितो, ज्याला डब्ल्यूएएल म्हणतात. हा लॉग दुसऱ्या ठिकाणी साठवण्याची सोय केली असेल आणि ती मध्येच अडली, तर लॉगच्या फायली मूळ सर्व्हरवर साचत जातात, डिस्क काठोकाठ भरते आणि डेटाबेस थांबतो. अशा वेळी घाईने त्या फोल्डरमधील फायली हाताने पुसण्याचा मोह होतो. तसे कधीही करू नये. त्या फायलींशिवाय डेटाबेस पुन्हा सुरू होईलच याचा भरवसा नसतो. जागा दुसरीकडून मोकळी करावी, साठवण का अडली ते शोधावे, आणि मग सर्व्हरलाच त्या फायली काढू द्याव्यात. एकूण डिस्कच्या पाचव्या भागाएवढी जागा सतत मोकळी ठेवण्याचा दंडक बरा.

तिसरी गोष्ट म्हणजे डेटाबेसशी त्या क्षणी चालू असलेल्या जोडण्यांची यादी. काउंटर क्रमांक दोनवर पावती निघत नाही, पडदा नुसता फिरत राहतो, अशी तक्रार आली की पहिला विचार सर्व्हर रिस्टार्ट करण्याचा येतो. त्याआधी ही यादी पाहावी. पुष्कळदा असे आढळते की, कोणीतरी विद्यार्थ्याच्या नोंदीत दुरुस्ती सुरू केली, खिडकी तशीच उघडी ठेवली आणि जेवायला गेले; त्या अर्धवट व्यवहाराने (ट्रान्झॅक्शनने, म्हणजे एकतर पूर्ण कायम होणाऱ्या किंवा पूर्ण मागे फिरणाऱ्या बदलांच्या गटाने) नोंद अडवून धरली आहे आणि बाकीचे त्याची वाट पाहत आहेत. यादीत अशा जोडणीची अवस्था ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी दिसते. तेवढी एकच जोडणी तोडली की काउंटर मोकळा होतो. अशा रेंगाळणाऱ्या जोडण्या ठरावीक मिनिटांनंतर आपोआप तुटाव्यात अशी वेळमर्यादा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये घालता येते; ती घालावी.

दिवस संपताना फीचा ताळा पाहणे हे काम रोखपालाचे असले, तरी त्यातील एक बाब आपल्याकडे येते, ती म्हणजे पावती क्रमांकांची. डेटाबेसमधील सिक्वेन्स ही सोय क्रमांक पुन्हा येणार नाही एवढीच हमी देते, मध्ये खंड पडणार नाही अशी हमी देत नाही. नोंद अर्धवट राहून रद्द झाली, तरी घेतलेला क्रमांक वाया जातो. लेखापरीक्षकाला मात्र पावती क्रमांकातील प्रत्येक खंडाचे उत्तर हवे असते, आणि ‘संगणकाने सोडला’ हे उत्तर त्याला पटत नाही. म्हणून पावतीचा क्रमांक वेगळ्या छोट्या तक्त्यातून, पावतीच्या नोंदीबरोबर एकाच व्यवहारात घ्यावा, म्हणजे पावती रद्द झाली की क्रमांकही मागे फिरतो. एकदा छापलेली पावती पुसायची नाही. तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण, कारण आणि रद्द करणाऱ्याचे नाव एवढे चढवायचे.

बॅकअप, आणि तो परत उभा करून पाहणे

पीजी डम्प ही आज्ञा काउंटर चालू असतानाही सुसंगत प्रत काढते. त्यासाठी कार्यालय बंद ठेवण्याची गरज नसते. याउलट, चालू सर्व्हरचा डेटा फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकणे, किंवा तोच फोल्डर एखाद्या क्लाउड सेवेला सतत जोडून ठेवणे, हे बॅकअपसारखे दिसते पण बॅकअप नसते, कारण प्रत काढली जात असताना फायली आतून बदलत असतात. आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात ऐन वेळी येते: पीजी डम्प एका डेटाबेसची प्रत काढतो, पण वापरकर्त्यांची खाती आणि त्यांचे पासवर्ड त्या प्रतीत नसतात. ती पीजी डम्प-ऑल या आज्ञेने वेगळी घ्यावी लागतात. विद्यार्थ्यांचे फोटो, सह्या आणि स्कॅन केलेले दाखले बहुधा डेटाबेसबाहेर एखाद्या फोल्डरमध्ये असतात. त्याचीही प्रत त्याच रात्री घ्यावी, नाही तर डेटाबेस परत आला तरी ओळखपत्रावर चेहऱ्याच्या जागी रिकामी चौकट राहते.

एक प्रत सर्व्हरच्या खोलीत, दुसरी दुसऱ्या इमारतीत आणि तिसरी दुसऱ्या गावात, ही मांडणी आपल्या हवामानाला अगदी जुळणारी आहे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात, आणि त्या वेळी सर्व्हर व त्याला कायम जोडून ठेवलेली बॅकअप डिस्क एकाच झटक्यात निकामी होऊ शकतात. खानापूरच्या बाजूला पावसाळाभर खोलीतील दमट हवा यंत्रांना सोसत नाही. एकाच संस्थेची महाविद्यालये वेगवेगळ्या गावांत असतील, तर त्यांनी परस्परांच्या प्रती सांभाळाव्यात. खानापूरची निपाणीला आणि निपाणीची खानापूरला. बाहेर जाणारी प्रत सांकेतिक (एन्क्रिप्ट) करूनच न्यावी आणि तिचा परवलीचा शब्द बंद पाकिटात, सहीशिक्क्यासह, प्राचार्यांच्या तिजोरीत ठेवावा. बॅकअपच्या दोन डिस्क आळीपाळीने वापराव्यात आणि प्रत झाल्यावर लगेच सर्व्हरपासून काढून ठेवाव्यात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम जोडलेल्या डिस्कपर्यंत सहज पोहोचतात, कपाटातील डिस्कपर्यंत पोहोचत नाहीत.

यूपीएसविषयी एवढेच की, त्याची सिग्नलची वायर सर्व्हरला जोडलेली असावी आणि बॅटरी उतरत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद व्हावा. तीन महिन्यांतून एकदा रविवारी मेन स्विच बंद करून हे खरोखर घडते का, ते पाहावे.

आता परतचाचणी, म्हणजे बॅकअपवरून डेटाबेस खरोखर परत उभा राहतो का ते पाहणे. महिन्यातून एक दिवस ठरवून घ्यावा आणि त्या दिवशी दुसऱ्या, मूळ सर्व्हरशी न जोडलेल्या संगणकावर बॅकअपवरून संपूर्ण डेटाबेस उभा करावा. आधी खाती, मग रिकामा डेटाबेस, मग प्रत, आणि शेवटी फोटोंचे फोल्डर, या क्रमाने जावे. ‘रिस्टोअर पूर्ण’ असा संदेश आला म्हणून थांबू नये. मुख्य तक्त्यांतील नोंदींची संख्या मूळ सर्व्हरशी ताडावी, आणि मग कपाटातील जनरल रजिस्टर उघडून तीन विद्यार्थी निवडावेत: एक गेल्या आठवड्यात प्रवेश घेतलेला, एक महाराष्ट्र बोर्डातून बारावी होऊन आलेला, आणि एक २०१० पूर्वीचा, म्हणजे राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन होण्याआधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे ज्याची नोंदणी होती असा. या तिघांच्या नोंदी कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवाव्यात आणि त्यांपैकी एकाची टीसी त्या चाचणीच्या संगणकावरून छापून पाहावी. या साऱ्याला किती वेळ लागला, तो लिहून ठेवावा. प्राचार्य विचारतात तेव्हा ‘सर्व्हर गेला तर कार्यालय किती वेळात सुरू होईल’ या प्रश्नाचे खरे उत्तर त्या आकड्यात असते. चाचणी संपली की त्या संगणकावरील प्रत पुसून टाकावी, कारण तीत हजारो विद्यार्थ्यांची माहिती असते.

रोजच्या प्रती दोन आठवडे, आठवड्याच्या दोन महिने आणि महिन्याच्या एक वर्ष ठेवाव्यात. सर्व निकाल लागल्यानंतरची वर्षाअखेरची प्रत मात्र कधीही टाकून देऊ नये. गोव्यात किंवा पुण्यात नोकरीला गेलेला माजी विद्यार्थी पंधरा वर्षांनी परत येतो आणि त्याला त्या वेळी होती तशीच नोंद हवी असते.

नाव, गाव, क्रमांक

आपल्या कार्यालयांत एका विद्यार्थ्याचे नाव रोमन लिपीत गुणपत्रिकेसाठी, कन्नडमध्ये सरकारी कागदांसाठी आणि देवनागरीत महाविद्यालयाच्या जुन्या रजिस्टरशी मेळ ठेवण्यासाठी लागते. या तिन्हींसाठी तीन स्वतंत्र रकाने असावेत आणि एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नाव आपोआप तयार करण्याची सोय असली, तरी तिने केवळ सूचना द्यावी. नाव पक्के करणे हे माणसाचे काम. तिन्हींपैकी प्रमाण कोणते, हे एकदाच ठरवावे, आणि माझ्या मते ते एसएसएलसीच्या (कर्नाटकच्या दहावीच्या) किंवा महाराष्ट्राच्या दहावीच्या गुणपत्रिकेवरील रोमन नाव असावे, त्यातील स्पेलिंग कितीही विचित्र वाटले तरी. गुणपत्रिकेवर आडनाव आधी असेल तर आधी, केवळ आद्याक्षरे असतील तर आद्याक्षरेच. नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने करणारे सॉफ्टवेअर आपल्याकडे उपयोगाचे नाही, कारण मराठी घरातील मुलाचे नाव त्यात बसते, पण गावाचे नाव किंवा केवळ आद्याक्षर लावणाऱ्या कन्नड घरातील मुलीचे बसत नाही, आणि मग लिपिक रकाना भरण्यासाठी काहीतरी लिहितो.

देवनागरीच्या नोंदींत एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘कऱ्हाडकर’ या आडनावातील ऱ्ह दोन प्रकारे टंकित होतो: युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संगणकीय संकेतावलीतील ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या र्‌ ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर आणि छापील दाखल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसच्या दृष्टीने ती दोन वेगळी आडनावे आहेत. एका टेबलावरच्या कीबोर्डने पहिल्या प्रकारे लिहिले आणि दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या प्रकारे शोधले, की ‘असा विद्यार्थी नाही’ असे उत्तर येते, लिपिक नवी नोंद करतो आणि एकाच मुलाचे दोन विद्यार्थी होतात. युनिकोडची एनएफसी ही प्रमाणीकरणाची रीत लावूनही हे दोन प्रकार एक होत नाहीत; त्यासाठी साठवण्याआधी आपला नियम लावून दुसरा प्रकार पहिल्यात बदलावा लागतो. हीच गोष्ट ‘ॲ’ ची. तो स्वतंत्र वर्ण म्हणूनही लिहिता येतो आणि ‘अ’ ला अर्धचंद्र लावूनही, त्यामुळे ॲन्थनी आणि ॲलिस ही नावे शोधताना असाच घोटाळा होतो. महिन्यातून एकदा न दिसणारी चिन्हे, दुहेरी जागा आणि ओळीच्या शेवटी राहिलेले रिकामे स्थान शोधून काढणारी क्वेरी (शोधाची आज्ञा) चालवावी आणि सापडलेली नावे कार्यालयीन अधीक्षकांसमोर ठेवूनच दुरुस्त करावीत.

रकान्याच्या लांबीचाही विचार करावा. ‘श्रीकृष्ण’ हे नाव डोळ्याला तीन अक्षरांचे दिसते, पण युनिकोडमध्ये ते ९ चिन्हांचे आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत २७ बाइटचे असते. बाइट मोजणाऱ्या जुन्या प्रणालीत किंवा ठरावीक रुंदीच्या निर्यात फाइलमध्ये असे नाव मध्येच तुटते आणि तुटल्याचे कोणी सांगत नाही. मायएसक्यूएल वापरत असाल, तर मजकुरासाठी यूटीएफ८एमबी४ हीच मांडणी निवडावी. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत, श्रीलिपी किंवा कन्नडसाठीच्या नुडीच्या जुन्या पद्धतीने टंकित केलेल्या याद्या मात्र थेट डेटाबेसमध्ये चढवू नयेत. आधी रूपांतर करावे, मग प्रत्येक ओळ कागदाशी जुळवावी.

अक्षरक्रमाशी निगडित एक धोका सर्व्हरची संगणक प्रणाली बदलताना येतो. लिनक्समधील ग्लिबसी या लायब्ररीच्या २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या नियमांनी बांधलेले इंडेक्स, म्हणजे नोंदी चटकन शोधण्यासाठी क्रमाने लावलेल्या सूची, नव्या प्रणालीवर तसेच वापरले, तर तक्त्यात असलेली नोंद शोधात सापडत नाही आणि जेथे दुहेरी नोंद चालत नाही तेथेही ती शिरते. म्हणून प्रणालीची मोठी आवृत्ती बदलली की मजकुराच्या रकान्यांवरील सर्व इंडेक्स नव्याने बांधावेत.

गावांच्या बाबतीत आपला नकाशाच बदलत आला आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत ‘बेळगावी’ हे नाव आले. चिकोडी तालुक्यातून निपाणी वेगळा झाला, अथणीतून कागवाड. यासाठी गावांचा आणि तालुक्यांचा एक मूळ तक्ता असावा आणि त्यात प्रत्येक नावापुढे ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होते, ते असावे. जुन्या विद्यार्थ्याची टीसी पुन्हा छापताना त्याच्या मूळ दाखल्यावर होता तोच तालुका आणि तेच जिल्ह्याचे नाव यायला हवे. सगळीकडे एकदम ‘शोधा आणि बदला’ चालवले, तर नव्या पत्त्यांबरोबर जन्मस्थानाच्या जुन्या नोंदीही बदलून जातात, आणि पासपोर्टच्या अर्जाच्या वेळी दोन कागद जुळत नाहीत.

क्रमांकांचे असे की, नोंदणी क्रमांक एकटा कधीही विद्यार्थ्याची ओळख मानू नये. तो कोणत्या विद्यापीठाचा, हे सोबत हवे, कारण २०१० च्या आधीचे आणि नंतरचे क्रमांक दोन वेगळ्या विद्यापीठांनी दिलेले आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांत व्हीटीयूचा (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा) यूएसएन हा विद्यार्थी क्रमांक १० अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात रोमन ‘ओ’ व शून्य यांची अदलाबदल नेहमी होते. कोणत्या जागी अक्षर आणि कोणत्या जागी अंक, ही तपासणी रकान्यालाच लावून टाकावी. प्रवर्गाच्या रकान्यात राज्यही असावे. कर्नाटकातील प्रवर्ग १, २-ए, २-बी, ३-ए, ३-बी ही मांडणी आणि चंदगड-गडहिंग्लजहून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दाखल्यावरची महाराष्ट्राची मांडणी एकमेकींत अदलाबदल करता येत नाही, आणि ‘ओबीसी’ एवढेच लिहून ठेवले तर पुढे कोणाला काय लागू होते हे ठरवता येत नाही.

शिष्यवृत्तीची यादी एक्सेलमधून जात असेल, तर फार जपावे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच राखतो. १६ अंकी बँक खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्ये गळून पडतात. यादी बाहेर काढताना खाते क्रमांक, आधार आणि मोबाइल हे रकाने मजकूर म्हणूनच काढावेत आणि फाइल दोनदा टिचकी मारून न उघडता आयात करण्याच्या मार्गाने उघडावी. परत आलेली फाइल डेटाबेसमध्ये चढवण्यापूर्वी खाते क्रमांक मूळ नोंदींशी यंत्रानेच ताडून घ्यावेत.

हाताने करायची दुरुस्ती

थेट आज्ञा देऊन नोंदी बदलण्याची वेळ वर्षातून अनेकदा येते. समजा, एखाद्या गावातील चालू विद्यार्थ्यांचा सध्याचा तालुका चिकोडीऐवजी निपाणी करायचा आहे. प्रथम त्याच अटी लावून नोंदी नुसत्या निवडाव्यात आणि संख्या पाहावी. ४७ आल्या, तर त्या ४७ नावांची यादी छापून अधीक्षकांची सही घ्यावी. मग व्यवहार सुरू करण्याची आज्ञा द्यावी, बदल करावा, आणि ‘४७ नोंदी बदलल्या’ असे उत्तर आले तरच तो कायम करावा. ४८ आले तरी मागे फिरावे आणि अठ्ठेचाळिसावी कोठून आली ते शोधावे. अट लिहायची राहून गेली तर उत्तरात हजारो नोंदी दिसतात, आणि व्यवहार अजून कायम केलेला नसल्यामुळे एका शब्दात सारे पूर्ववत होते.

नावातील बदलासाठी वेगळा तक्ता ठेवावा: जुने नाव, नवे नाव, कोणत्या प्रतिज्ञापत्राच्या किंवा राजपत्राच्या आधारे, कोणी आणि कधी बदलले. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनीची जुनी गुणपत्रिका जुन्या नावानेच राहते, आणि दोन्ही नावे तिचीच आहेत हे सांगू शकणारी नोंद महाविद्यालयाकडे असली पाहिजे.

निकाल चढवणे किंवा नव्या वर्षाची सर्व नोंदणी, असे मोठे काम झाले की तक्त्यांची आकडेवारी ताजी करणारी ॲनालाइझ ही आज्ञा द्यावी, म्हणजे अहवाल रेंगाळत नाहीत. बदललेल्या व पुसलेल्या नोंदींचे जुने अवशेष आपोआप साफ करणारी ऑटोव्हॅक्यूम ही सोय मात्र कोणाच्याही सल्ल्यावरून बंद करू नये.

आठवड्यातून एकदा वर्गवार विद्यार्थिसंख्या चार ठिकाणी ताडावी: आपला डेटाबेस, राज्याची विद्यापीठे व महाविद्यालयांसाठीची यूयूसीएमएस ही ऑनलाइन प्रणाली, फीची खतावणी आणि प्रवेशाचे कागदी रजिस्टर. ऑगस्टमध्ये दोन विद्यार्थ्यांचा फरक शोधायला अर्धा तास लागतो. परीक्षेचे अर्ज भरताना तोच फरक दोन दिवस खातो आणि तेव्हा मुले दारात उभी असतात.

खाती आणि परवानग्या

‘ऑफिस’ नावाचे एकच खाते आणि भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड, ही रीत बंद करणे हे या विभागातले पहिले काम. प्रत्येकाला स्वतःचे खाते द्यावे आणि त्याच्या टेबलावरच्या कामापुरतीच परवानगी द्यावी. अहवाल काढणाऱ्याला केवळ वाचण्याची, काउंटरवर पावती करण्याची, आणि गुण बदलण्याची परीक्षा विभागातील ठरलेल्या दोघांनाच. प्रवेशाच्या दिवसांत नेमलेल्या हंगामी ऑपरेटरांच्या खात्यांना पहिल्याच दिवशी शेवटची तारीख घालून ठेवावी. काम सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे, पण पुसू नये, कारण त्याने केलेल्या नोंदींवर त्याचे नाव राहायला हवे. सॉफ्टवेअर स्वतः डेटाबेसशी ज्या खात्याने जोडले जाते, ते कधीही सर्वाधिकारी खाते असू नये. पासवर्ड सुरक्षितपणे साठवण्यासाठी व तपासण्यासाठी स्क्रॅम पद्धत वापरावी. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १४ व्या आवृत्तीपासून ती आपोआप लागू असते. डेटाबेसचा ५४३२ हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. घरून काम करायचेच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीतून, यावे.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस राखणे, घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवणे आणि सायबर घटना ६ तासांत कळवणे, अशा गोष्टी सांगितल्या आहेत. ही मापे आपल्या कार्यालयासाठीही तशीच स्वीकारावीत. आधारचे बाराही अंक जेथे कायद्याने लागत नाहीत तेथे शेवटचे चारच ठेवावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. म्हणून पीयूसीचे (अकरावी-बारावीचे) वर्ग असलेल्या महाविद्यालयांनी प्रवेश अर्जातच ती घेऊन तिची तारीख डेटाबेसमध्ये नोंदवावी. वर्गाची संपूर्ण यादी मोबाइल क्रमांकांसह व्हॉट्सॲपवर टाकण्याची सवय मात्र कोणत्याही कायद्याची वाट न पाहता आजच सोडून द्यावी.

आवृत्त्या आणि नोंदवही

पोस्टग्रेएसक्यूएलच्या छोट्या सुधारणा साधारणतः फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात. त्यांसाठी सर्व्हर थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू करणे पुरते. मोठ्या आवृत्तीला ५ वर्षे आधार मिळतो. मोठा बदल परतचाचणीच्या संगणकावर आधी करून पाहावा आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर दिवाळीच्या सुट्टीत करावा. प्रवेशाचे आणि परीक्षा अर्जांचे आठवडे सोडून द्यावेत. गणपतीच्या दिवसांत अर्धे कार्यालय रजेवर असते, तेव्हा अडचण आली तर मदतीला कोणी मिळत नाही.

केलेले प्रत्येक काम एका बांधीव वहीत लिहावे: तारीख, काय केले, का केले, काय दिसले. ही वही सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही, कारण सर्व्हर बंद असतानाच ती लागते. आपल्या जागी उद्या येणारी व्यक्ती कन्नड वाचणारी असेल किंवा मराठी वाचणारी, त्यामुळे परतचाचणीची कृती आणि आणीबाणीत करायच्या गोष्टी दोन्ही भाषांत लिहून घ्याव्यात. कन्नड मजकूर आपल्याला नीट येत नसेल तर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून लिहून घ्यावा आणि तो त्यालाच वाचायला लावून, त्याच्या हातून एकदा संपूर्ण डेटाबेस परत उभा करून घ्यावा. तो कोठे अडला, तेथे वहीत आणखी एक ओळ घालावी. पहिल्या पानावर सर्व्हरची जागा, बॅकअपच्या तिन्ही प्रतींची ठिकाणे, यूपीएस दुरुस्त करणाऱ्याचा फोन आणि पाकीट कोणत्या तिजोरीत आहे ते असावे, आणि वर्षातून एकदा, जूनमध्ये प्रवेश सुरू होण्यापूर्वी, त्या पानावरचा प्रत्येक तपशील प्रत्यक्ष जाऊन पडताळावा.